अण्णांचं एकुलतं एक गाणं

आईने डॉक्टर रणदिव्यांचं बोट चावलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून फाटकं साप्ताहिक चाळत होते. आधी डॉक्टरांची किंकाळी आली. मग काहीतरी लोखंडी फरशीवर पडल्याचा आवाज आला. आणि मग आई स्वतःच दार ढकलून बाहेर आली. गळ्यात टॉवेल, गालात कापसाचे बोळे, डोळे कपाळात गेलेले.

"हों... होंई!" ती म्हणाली.

"होईल बरं. दाढच काढतायत ना, एवढं काय घाबरायचं?"

"होंई! होंई!" तिने पाय आपटला, तोंडात बोटं घालून कापूस ओढून काढला आणि दवाखान्यातल्या सगळ्या पेशंटांसमोर ओरडली, "होडी! सोडू नको होडी! बाई गात होती गं, बाई!"

मी कंपाउंडरच्या टेबलावरच्या रेडिओकडे पाहिलं. साप्ताहिकात डोकं घातल्यामुळे माझं तिकडे लक्षच नव्हतं, आणि आता तिथे एक गृहस्थ ज्वारीवरच्या किडीबद्दल बोलत होते.

डॉक्टर बोटाला रुमाल गुंडाळून दारात आले. "आफळेबाई, इंजेक्शन दिलंय. दाढ अजून आतच आहे."

"राहू दे तिला," आई म्हणाली आणि टॉवेलसकट चालायला लागली.

रस्त्यात ती एक अक्षर बोलली नाही. एक तर अर्धं तोंड बधिर होतं आणि उरलेल्या अर्ध्यात मावेल एवढा तिचा संताप लहान नव्हता.

तिला काय झालं ते कळायला अण्णा कळायला हवेत. माझे वडील दामोदर आफळे कऱ्हाडला पाटबंधारे खात्यात होते. धरणाच्या कामावर ओव्हरसियर म्हणून लागले आणि त्याच वसाहतीत रिटायर झाले. माणूस साधा, चहा बशीतून पिणारा. पण वसाहतीत त्यांना एक वेगळं वजन होतं, कारण त्यांनी एक गाणं केलं होतं. एकच. तेही दोन ओळींचं. पण ते आईवर केलेलं होतं आणि आईला पाहायला गेले तेव्हा तिथल्या तिथे बसल्या जागी सुचलेलं होतं.

'थांब ना गं इंदू जरा, रात अजून थोडी
काठावरी बांधलेली सोडू नको होडी'

आईचं नाव इंदुमती. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात, पण अण्णांनी बदलू दिलं नाही. गाण्यात बसतंय ते राहू दे, म्हणाले. गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या निरोप समारंभात, कुणीतरी म्हणायचंच, "आफळेसाहेब, ते होऊन जाऊ दे." अण्णा नको नको म्हणत चष्मा काढायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे. 'थोडी' या शब्दावर ते थांबायचे. 'रात अजून थोडी... थोडी... थोडी...' असं तीनदा म्हणायचे, प्रत्येक वेळी तसंच, त्याच सुरात. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. आई मान खाली घालून बसायची, पण कुणी तिच्याकडे पाहत नसलं तर मान वर करून खात्री करून घ्यायची.

मी शाळेत मराठी शिकवायचे. नववीच्या वर्गाला मी दर वर्षी त्या तीन 'थोडी' फळ्यावर लिहून दाखवत असे. एकच शब्द पुन्हा म्हटला की करुण रस कसा गडद होतो, बघा मुलांनो. खाली कवीचं नाव लिहिताना खडू जरा जास्तच दाबायचे.

अण्णांना जाऊन नुकतंच वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी वसाहतीत पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर संगमरवरी पाटी बसणार होती. त्या पाटीवर अण्णांचं गाणं कोरायचं होतं. ही सगळी खटपट शेजारच्या चिवट्यांची. चिवटे खात्यात हेडक्लार्क होते आणि वसाहतीच्या सांस्कृतिक मंडळाचे तहहयात अध्यक्ष. तहहयात, कारण दुसरं कुणी उभंच राहत नसे. पाटी कोरायला गेली होती. पाहुणे ठरले होते. मांडववाल्याला सांगून झालं होतं.

आणि आता बाई गात होती.

घरी आल्यावर आईने अण्णांच्या फोटोसमोर खुर्ची ओढली आणि बसली. इंजेक्शन उतरायला लागलं होतं, त्यामुळे दाढही ठणकत होती.

"रेडिओवर कुणी आपलं गाणं म्हणेल का हो उगीच?" तिने फोटोला विचारलं. मग माझ्याकडे वळली. "दोनच गोष्टी असू शकतात. एक तर यांचं गाणं कुणीतरी ढापलंय. नाहीतर यांनी कुणाचंतरी ढापलंय."

"आई, तू नीट ऐकलंस का? डॉक्टरांचं मशीन चालू होतं..."

"शेवटच ऐकला. 'सोडू नको होडी' म्हणाली आणि संपलं. मग तो निवेदक म्हणाला, हे भावगीत आपण ऐकलंत. कुणाचं, कधीचं, ते आधीच सांगून मोकळा झाला होता मेला."

"चिवटेकाकांना विचारू या. ते दिवसभर रेडिओ ऐकतात."

"खबरदार!" आई एवढ्या जोरात ओरडली की दाढेवर हात ठेवून खाली वाकली. "अख्ख्या कऱ्हाडात हे गाणं यांचं म्हणून माहीत आहे. कुणाला काय विचारणार? माझा नवरा चोर आहे का हो, असं? दगडावर कोरतायत ते! उद्या कुणी तिथे उभं राहून म्हटलं, की ही तर अमक्याची ओळ, तर मी काय करू? पाटी पदराखाली झाकू?"

तेव्हा हल्लीसारखं गाणं शोधायची यंत्रं नव्हती. गाणं शोधायचं म्हणजे दुसऱ्या माणसासमोर ते म्हणावं लागे. आणि इथे खरी अडचण होती. आईला सूर नव्हता. नव्हता म्हणजे अजिबात नव्हता. ती आरती म्हणायला लागली की अण्णा टाळ्या जोरात वाजवायचे. मी तिच्यावरच गेलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही कोल्हापूरला गेलो. वसाहतीत सांगितलं, अंबाबाईला जातोय. महाद्वार रोडच्या एका बोळात जुन्या तबकड्या विकणारे एक पाटणकर होते, असं शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांकडून मी कळू न देता काढून घेतलं होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पाटणकर त्या जिन्याच्याच आकाराचे, खांद्यात वाकलेले.

"गाणं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"तेच माहीत नाही," मी म्हणाले.

"गायिका?"

"बाई होती," आई म्हणाली.

"साल?"

"अठ्ठावन्नच्या आधीचं की नंतरचं, तेच बघायचंय," आई म्हणाली. अठ्ठावन्न हे तिच्या लग्नाचं साल.

पाटणकरांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "म्हणून दाखवा."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. शेवटी आईने पदर खांद्यावर घेतला, सुजलेल्या गालावर हात ठेवला आणि सुरू केलं. शब्द मुद्दामच गिळले, कारण नाव कुणाला कळायला नको होतं. नुसती 'हूं हूं' केली. बोळातून जाणारा एक सायकलवाला उतरून उभा राहिला.

पाटणकरांनी डोळे मिटून ऐकलं. "देवीची आरती आहे का?"

"भावगीत आहे!"

"पुन्हा म्हणा."

आईने पुन्हा म्हटलं. या वेळी चाल निराळी आली. पाटणकरांनी एक तबकडी लावली. ती पोवाडा निघाली. दुसरी लावली, ती अंगाई निघाली. तिसरी लागल्यावर सायकलवाला म्हणाला, "मावशी मघाशी हेच म्हणत होत्या," पण ते एका नाटकातलं पद होतं आणि आमच्या गाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मग सायकलवाल्याने स्वतःच एक गाणं आठवून पाहिलं. मग समोरच्या चप्पलवाल्याने. अर्ध्या तासात त्या बोळात पाच-सहा माणसं आपापली विसरलेली गाणी गुणगुणत उभी होती आणि आमचं कुठलं ते कुणालाच आठवत नव्हतं.

"होडी आहे का हो त्यात?" शेवटी मी न राहवून विचारलं.

"होडीची पुष्कळ आहेत," पाटणकर म्हणाले. "त्या काळात ज्याला त्याला होडी लागायची."

एसटी स्टँडवर आईने उसाचा रस घेतला, दाढेला थंड लागल्यावर ग्लास माझ्या हातात दिला आणि समोर लागलेल्या सांगलीच्या गाडीकडे पाहत राहिली.

"टेंबे," ती म्हणाली.

भास्कर टेंबे म्हणजे अण्णांचे सांगलीचे मित्र. दोघं शिकायला एका खोलीत राहायचे. आईला पाहायला अण्णा गेले तेव्हा हेच टेंबेकाका बरोबर होते. "जिथे गाणं झालं तिथे भावजी शेजारी बसले होते," आई म्हणाली. "त्यांना माहीत नसेल तर कुणालाच नसेल. चल, जागा धर."

टेंबेकाका घरी एकटेच होते. सून नोकरीला गेलेली. आम्हाला पाहून त्यांना फार आनंद झाला. त्यांनी भडंगाची अख्खी बरणीच आणून समोर ठेवली. दाढेच्या माणसाला भडंग म्हणजे शिक्षाच. आईने बरणी बाजूला सारली.

"भावजी, हे गाणं यांनी केलं होतं का?"

टेंबेकाकांचा हात कानामागे गेला. "काय म्हणालात वहिनी? जरा कमी येतं ऐकायला."

"आत्ता मी दाराची कडी वाजवली ती बरी ऐकू आली!"

"कडीचा आवाज वेगळा असतो."

"भास्करराव," आई म्हणाली. ती त्यांना नावाने हाक मारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "परवा दगडावर कोरलेलं लोक बघणार आहेत. मला खरं सांगा. रेडिओवर मी कानांनी ऐकलंय."

टेंबेकाकांनी कानामागचा हात काढला. भडंगाची मूठ भरली, तशीच बरणीत सोडली.

"दाम्याने मला शपथ घातली होती हो," ते म्हणाले. "पण तो गेला, आता ती कुणाच्या नावाने पाळू?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. सांगलीत त्यांच्या खोलीसमोर एक खानावळ होती. मालक हौशी, त्याने ग्रामोफोन ठेवलेला. तबकड्या मोजक्याच, त्यातल्या बऱ्याच भंगलेल्या. एक तेवढी वाजायची, तीही धड नाही. कुणा बाईंनी म्हटलेलं भावगीत. चंद्राला उद्देशून. 'थांब ना रे इंदू जरा, रात अजून थोडी.'

"रे?" मी म्हणाले.

"रेच. इंदू म्हणजे चंद्र. तू मराठीची बाई ना? तर ती तबकडी 'थोडी'पाशी चिरलेली. सुई तिथे आली की अडकायची. 'थोडी... थोडी... थोडी...' मालक गल्ल्यावरून उठून यायचा, टिचकी मारायचा, की मग पुढची ओळ. ती संपली की सुई जी घसरायची ती थेट शेवटाला. दुसरं कडवं आम्ही कधी ऐकलंच नाही. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ हे ऐकत आम्ही जेवलो. झोपेतसुद्धा दाम्या तीनदा 'थोडी' म्हणायचा."

माझ्या डोळ्यांसमोर नववीचा वर्ग आला. फळा आला. करुण रस आला. मी भडंगाची बरणी पुढे ओढली, कारण काहीतरी चावणं भाग होतं.

आई शांतपणे म्हणाली, "पुढे."

"पुढे काय! त्या रविवारी आम्हाला दोन ठिकाणी जायचं होतं. आधी वाईला तुमच्याकडे, मग साताऱ्याला. खरं सांगू का वहिनी, साताऱ्याचं जवळजवळ ठरलंच होतं. मुलीचे वडील खात्यात वरच्या जागेवर. फोटोही... बरा होता. तुमच्याकडे आपलं शब्द दिला होता म्हणून जायचं."

"नाव काय?"

"कुणाचं?"

"साताऱ्याच्या मुलीचं."

"सुमती," टेंबेकाका म्हणाले आणि लगेच त्यांना वाटलं असावं की हे नको होतं सांगायला.

"पुढे."

"तुम्ही पोहे घेऊन आलात. मान खाली. तुमच्या काकांनी नाव सांगायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, इंदुमती. झालं! दाम्याला हसू फुटलं. दोन वर्षं डोक्यात घुमणारं नाव ते. हसू दाबायला तो गुणगुणायला लागला. तुमचे काका म्हणाले, वा, गाता वाटतं, म्हणा की मोठ्याने. आता चंद्राला 'रे' ठीक आहे, पण मुलीसमोर 'रे' कसं म्हणणार? त्याने 'गं' म्हटलं. 'थोडी'पाशी सवयीने अडकला, टिचकी मारायला कुणी नव्हतं, स्वतःच सुटला. आणि तुम्ही मान वर केलीत."

आईने आत्ताही मान वर केली.

"मान वर केलीत आणि विचारलंत, कुणाचं आहे हे? तुमच्या काकू दटावायला लागल्या, मुलीने असं विचारू नये म्हणून. आणि हा गाढव तुमच्याकडे बघत म्हणाला, माझंच. आत्ता सुचलं. मी पोह्यात तोंड घातलं ते वर काढलंच नाही."

"आणि सातारा?" मी विचारलं.

"वाईच्या स्टँडवर मी म्हटलं, दाम्या, साताऱ्याची गाडी लागलीय. म्हणाला, भास्कर, आता साताऱ्याला जाऊन कसं चालेल? ही मुलगी दुसऱ्या कुणाच्या घरी गेली आणि तिथे रेडिओवर तिने हे ऐकलं, तर मी जन्माचा खोटा ठरेन. हिच्याशी लग्नच करायला हवं. म्हणजे निदान रेडिओ माझ्या ताब्यात राहील." टेंबेकाकांना हसू आलं, पण आईकडे पाहून त्यांनी ते आवरलं. "सांगलीला परत आल्यावर खानावळीत गेला, तबकडी बघायला मागितली, बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसला. मालकाला म्हणाला, चुकून."

मला आठवलं, आमच्याकडे रेडिओ फक्त बातम्यांना लागायचा. भावगीतांनी माझं डोकं दुखतं, असं अण्णा म्हणायचे. एक कवी असं म्हणतो याचं आम्हाला केवढं कौतुक होतं!

कऱ्हाडच्या गाडीत आई खिडकीशी बसली. तासगावचा फाटा गेला, तरी तोंड खिडकीकडेच. मला वाटलं, रडत असेल. वाकून पाहिलं तर ती बोटांवर काहीतरी जुळवत होती.

"सुमतीसुद्धा बसतं," ती म्हणाली.

"कशात?"

"'थांब ना गं सुमे जरा.' बसतंय की नाही? बसतंच. मग यांनी सरळ साताऱ्याला जायचं, तिथे सुमे म्हणायचं."

"पण ते तुझं नाव ऐकून हसले ना आई. आणि तू मान वर केलीस."

"माझं नाव शकुंतला असतं तर? शकुंतला नाही बसत." ती बाहेर बघत राहिली. "नावावर गं! नुसत्या नावावर माझं लग्न झालं. आणि मी आयुष्यभर समजत होते की मला बघून काहीतरी सुचलं कुणाला."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, मग दाढ ठणकली म्हणून तोच हात सोडवून गालावर ठेवला.

घरी आल्यावर मी म्हणाले, आपण गप्प बसू. टेंबेकाका काही बोलणार नाहीत, पाटी लागेल, कुणाला काय कळतंय? आई म्हणाली, "मला कळतंय ना." दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती चिवट्यांकडे जायला निघाली होती. पाटी थांबवा म्हणून सांगायला. मीही मागोमाग गेले.

चिवटेकाका व्हरांड्यात समारंभाची पत्रकं दुमडत बसले होते. चिवटेवहिनी गहू निवडत होत्या. आईने उभ्या उभ्या सांगितलं. खानावळ, तबकडी, चीर, सगळं. सुमती तेवढी वगळली. शेवटी म्हणाली, "तेव्हा पाटी नको. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन."

चिवटेकाकांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी सुपाकडे पाहिलं.

"आता कसं सांगू तुम्हाला," चिवटेकाका म्हणाले. "वहिनी, आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"रेडिओवर लागतं ते अधूनमधून. दुपारच्या भावगीतांत. पहिल्यांदा लागलं तेव्हा आफळेसाहेब स्वतः माझ्याकडे आले होते. ही तुमची शैला तेव्हा रांगत होती. म्हणाले, चिवटे, पाय धरतो, पण घरात कळू देऊ नका. तिला फार अभिमान आहे हो त्याचा."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

चिवटेकाकांनी पत्रकांचा गठ्ठा नीट केला. "तसं बघायला गेलं तर... सगळ्यांनाच."

आई खाली बसली. चिवटेवहिनींनी सूप बाजूला ठेवलं आणि तिच्याजवळ सरकल्या. "ते गाणं लागलं की आम्ही कुणीतरी तुमच्याकडे यायचोच हो. विरजण मागायला, आणि मग बोलण्यात गुंतवायला. कधी पाटील वहिनी यायच्या, कधी मी. म्हणजे शेजारच्या घरातून ऐकू जायला नको."

"तरीच!" आई म्हणाली. "एवढं विरजण कुणाला लागतं, असं मला नेहमी वाटायचं."

"दवाखान्याचं आमच्या ध्यानात नाही आलं," चिवटेकाका अगदी अपराध्यासारखे म्हणाले.

"म्हणजे पदराने डोळे पुसायच्या त्या बायका..."

"ते खरं होतं," वहिनी म्हणाल्या. "गाणं कुणाचं का असेना. साहेब म्हणायचे ते तुमच्याकडे बघूनच."

"डोळे तर मिटलेले असायचे!"

"एक उघडा असायचा. तुम्ही मान खाली घालायचात, तुम्हाला कसा दिसणार?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, जणू मीही या कटात होते. मी नव्हते. वसाहतीत ते न कळलेल्या आम्ही दोघीच होतो, आणि मी तर मराठीची शिक्षिका.

"पण मग दगडावर खोटं कसं कोरताय तुम्ही?" तिने विचारलं.

चिवटेकाकांच्या चेहऱ्यावर हेडक्लार्क आला. त्यांनी आतून पाटीचा कागदी नमुना आणला. "वाचा. 'आफळेसाहेबांचं गाणं.' कवी कुठे म्हटलंय? रचना कुठे म्हटलंय? मी तीन रात्री झोपलो नाही यावर. उद्या कोर्टात गेलं तरी टिकेल."

रविवारी पाटी लागली. प्रमुख पाहुणे म्हणून खात्यातले एक निवृत्त मोठे साहेब आले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. अण्णांच्या प्रतिभेवर ते बराच वेळ बोलले. तीन वेळा आलेल्या 'थोडी'त जीवनाची क्षणभंगुरता कशी सामावली आहे हेही त्यांनी उलगडून दाखवलं, आणि सगळी वसाहत बुटांकडे बघत ऐकत होती. मग चिवटेकाका म्हणाले, आता आफळेवहिनी दोन शब्द बोलतील. हे ठरलेलं नव्हतं. आईने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला होता, तेव्हा त्यांना दुसरं काही म्हणता येईना.

"हे गाणं यांचं नाही," आई म्हणाली.

पाहुण्यांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे गेला होता, तो तिथेच राहिला.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मला परवा कळलं. गाणं कुणा दुसऱ्याचं आहे, चंद्रावरचं आहे. त्यात 'रे' होता. यांनी तो काढला आणि 'गं' घातला." ती थांबली. माइकमध्ये तिचा श्वास मोठा ऐकू आला. "तेवढं एक अक्षर यांचं आहे. तेवढं माझ्यासाठी केलेलं आहे. बाकी पाटी असू दे."

मग पाटील वहिनींनी टाळी वाजवली, आणि मग सगळे उठूनच उभे राहिले. पाहुण्यांनी शेजारच्याला विचारलं, "कार्यक्रम संपला का?"

त्यानंतर मला नववीच्या वर्गाला बरंच काही नव्याने सांगावं लागलं. ते असो. पण वसाहतीत एक गंमत झाली. पूर्वी ते गाणं लागलं की आईला गुंतवून ठेवायला धावणारी माणसं आता तिला बोलवायला धावू लागली. दुपारची भावगीतं सुरू झाली की पाच-सहा घरांतले रेडिओ मोठ्याने लागायचे. आईला आता एकच हवं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, आणि कवीचं नाव ऐकायचं. "माणूस कोण होता ते तरी कळू दे," ती म्हणायची. "त्याच्या गाण्यावर माझा संसार झालाय."

महिने गेले. थंडी पडली. एका दुपारी चिवटेकाका आपल्या दारातून ओरडले, "वहिनी, लागलं! लागलं!" आई पोळी तव्यावर टाकून धावली, मी तिच्या मागे. चिवट्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ फडताळावर होता. आम्ही पोचलो तेव्हा पहिलं कडवं सुरू झालं होतं. बाईंचा आवाज पातळ, जुन्या पद्धतीचा. 'थोडी' त्यांनी एकदाच म्हटलं आणि सहज पुढे गेल्या. मग सतार वाजली. आणि मग ते कडवं आलं, जे अण्णांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

'जायचे तर जा रे इंदू, वाट तुझी मोठी
ओंजळीत राहू दे ना चांदी थोडी खोटी'

आईने ओट्याची कड धरली. ओठ हलत होते. पाठ करत होती की काय कोण जाणे. चिवटेवहिनींच्या हातात लाटणं तसंच राहिलं. गाणं संपलं.

"आत्ताच आपण ऐकलंत..." निवेदिका म्हणाली, "या गीताचे कवी होते..."

आणि वहिनींच्या कुकरची शिटी झाली. चांगली लांबलचक, तुरीच्या डाळीची. चिवटेकाकांनी फडताळाला कान लावला, वहिनींनी लाटण्याने शिटी दाबायचा प्रयत्न केला, पण वाफ गेली ती नावासकट गेली. पुन्हा ऐकू आलं तेव्हा सतारीवर दुसरंच काहीतरी सुरू होतं.

वहिनी रडवेल्या झाल्या होत्या.

चिवटेकाकांनी फडताळापासून कान काढला आणि फार विचार करून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, मला तर 'दामोदर' असं ऐकू आल्यासारखं वाटलं."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. तिला हसू यायला लागलं, आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तिने ओट्यावर डोकंच टेकलं.

"चिवटे," ती म्हणाली, "खोटं बोलायलासुद्धा गळा लागतो हो."

मग तिने डोळे पुसले, वहिनींच्या हातातलं लाटणं घेतलं आणि त्यांची राहिलेली पोळी लाटायला लागली. आमची तव्यावरची केव्हाच जळून गेली होती.